अल्पदर विमानसेवेचा उदय आणि प्रवासी सुरक्षिततेचा प्रश्न

प्रास्ताविक :

९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्यासाठी नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वर्षानुवर्षे रेंगाळलेली मागणी पूर्ण झाल्याचे समाधान शहराने पुरते अनुभवले नाही तोच, १२ जून रोजी, अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशी २६० माणसे त्यात मृत्युमुखी पडली. भवानी पेठेतून मुंबईला जाणारा माणूस आजवर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरत आला आहे. २०२३ पासून त्याला वंदे भारत मिळाली. विमानाचा तिसरा पर्याय दृष्टिपथात येत असतानाच ही दुर्घटना घडल्यामुळे एक प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जाऊ लागला. एवढ्या मोठ्या कंपनीचे विमान पडते, तर स्वस्त तिकिटाच्या छोट्या कंपन्यांचा भरवसा काय?

या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. तिकिटाचा दर आणि सुरक्षितता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक खाली आले की दुसरे वर जाते, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. अल्पदर विमान कंपनी नेमकी कोणत्या खात्यातून बचत करते, त्यापैकी कोणती बचत निर्धोक आहे आणि कोणती नाही, हे समजून घेतल्याशिवाय वरील प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

अल्पदर विमानसेवेची संकल्पना :

अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सने १९७१ पासून टेक्सास राज्यात जी पद्धत रूढ केली, तीच पुढे युरोपात रायनएअर व इझीजेट यांनी आणि आशियात एअर एशियाने स्वीकारली. या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येते : विमान जमिनीवर उभे असताना पैसे मिळवत नाही. म्हणून दोन उड्डाणांमधील थांबा पंचवीस-तीस मिनिटांवर आणायचा आणि एका विमानाकडून दिवसाला अधिक फेऱ्या करून घ्यायच्या. ताफ्यात शक्यतो एकाच जातीचे विमान ठेवायचे, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण, अभियंत्यांचे परवाने आणि सुट्या भागांचा साठा हे सर्व एकाच प्रकारचे लागते. ज्या एअरबस ए-३२० विमानात दोन वर्गांच्या रचनेत साधारण १५० आसने बसतात, तेथे एकाच वर्गाची १८० आसने बसवायची. जेवण विकत द्यायचे आणि तिकीट दलालाऐवजी थेट संगणकावरून विकायचे.

या यादीकडे बारकाईने पाहिल्यास असे दिसून येते की, यातील बहुतांश बचत प्रवाशाच्या सोयीतून होते. गुडघ्याला जागा कमी मिळाली म्हणून विमान धोक्यात येत नाही. एकाच जातीच्या विमानांचा ताफा तर सुरक्षिततेला उपकारकच ठरतो, कारण तोच वैमानिक, तेच यंत्र आणि तोच अभियंता यांची गाठ रोज पडते. साउथवेस्टच्या विमानातील प्रवासी अपघातात दगावण्याची पहिली घटना २०१८ मध्ये घडली; म्हणजे तोपर्यंत कंपनीची सत्तेचाळीस वर्षे अशा मृत्यूशिवाय गेली होती. १९८५ पासून उडणाऱ्या रायनएअरचा इतिहासही प्राणांतिक अपघातापासून मुक्त आहे. जुन्या विमानांविषयीची शंकादेखील येथे फारशी लागू पडत नाही. इंडिगोने २००५ मध्ये एकदम १०० विमानांची मागणी नोंदवली, ती विमाने हाती येताच भाडेपट्टी कंपन्यांना विकून पुन्हा त्यांच्याकडून भाड्याने घेतली आणि मुदत संपताच परत केली. या व्यवहारामुळे तिचा ताफा प्रतिष्ठित जुन्या कंपन्यांच्या तुलनेत तरुण राहिला.

भारतातील वाटचाल :

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेली भारतीय हवाई वाहतूक १९९४ मध्ये विमान महामंडळ कायदा रद्द झाल्यावर खाजगी क्षेत्राला रीतसर खुली झाली. तथापि त्या दशकातील ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त इत्यादी कंपन्यांचे तिकीट सामान्यांसाठी नव्हतेच. निवृत्त लष्करी अधिकारी कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूर-हुबळी मार्गावर पहिले उड्डाण केले आणि पुढे एक रुपयाचे तिकीट जाहीर करून देशभर खळबळ उडवली. २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर, २००६ मध्ये इंडिगो अशा कंपन्या पाठोपाठ आल्या. एअर इंडिया एक्सप्रेस ही शासकीय कंपनीची अल्पदर शाखा २००५ मध्येच आखाती देशांतील श्रमिकांसाठी सुरू झाली होती.

या वाटचालीत कंपन्या जशा जन्मल्या तशा मेल्याही. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट असे नाव घेतलेली गोएअर मे २०२३ मध्ये थांबली. महाराष्ट्रातील मध्यम शहरांना हा अनुभव अधिक जवळून आला. डेक्कनने नव्या रूपात २०१७ च्या अखेरीस मुंबई-जळगाव मार्गावर छोटी विमाने सुरू केली, ती २०२० मध्ये बंद पडली. नांदेड, जळगाव, कोल्हापूर यांना जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. खुद्द सोलापुरातही किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालून बंद झाली होती. कंपनी बंद पडणे ही सामान्यतः अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासण्याची बाब मानली जाते. सुरक्षिततेच्या अभ्यासकाला मात्र त्याआधीचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण डबघाईला आलेली कंपनी बंद होण्यापूर्वी काही महिने उडत असते.

अपघातांची आकडेवारी काय सांगते :

एअर डेक्कन, स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो या चारही खाजगी अल्पदर कंपन्यांचे विमान कोसळून प्रवासी दगावल्याची घटना भारतात घडलेली नाही. याउलट, २६ एप्रिल १९९३ रोजी तत्कालीन औरंगाबादहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ जण मरण पावले. २००० मध्ये अलायन्स एअरचे विमान पाटण्यात वस्तीवर कोसळले. या दोन्ही शासकीय कंपन्या होत्या आणि त्यांचे दर अल्प नव्हते. तेवढ्यावरून खाजगी अल्पदर कंपन्या अधिक सुरक्षित, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. विमान अपघात इतके विरळ असतात की, अपघातांच्या संख्येवरून कंपन्यांची क्रमवारी लावणे संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. म्हणूनच अपघात झाला की नाही यापेक्षा, जेथे झाला तेथे तो कसा झाला, आणि जेथे झाला नाही तेथे तो किती जवळ आला होता, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

या दृष्टीने एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोन दुर्घटना विचारात घ्याव्या लागतात.

२२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या पठारी धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेले आणि दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमण्यात आले. कप्तान प्रवासातील बराच काळ झोपेत होते, जागे झाल्यावरही झोपेचा अंमल त्यांच्या निर्णयशक्तीवर होता आणि सहवैमानिकाने सुचवूनही त्यांनी उतरणे सोडून दिले नाही, असे या चौकशीतून पुढे आले. मानवी शरीर पहाटेच्या वेळी सर्वाधिक मंद असते. ज्या वेळी विमानतळ मोकळा असतो आणि विमान रिकामे ठेवणे महाग पडते, नेमकी तीच ही वेळ आहे.

७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची दुर्घटना मराठी वाचकाला अधिक चटका लावणारी आहे. कप्तान दीपक साठे हे नागपूरच्या कुटुंबातील, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून घडलेले, हवाई दलाचे अनुभवी निवृत्त अधिकारी होते. टाळेबंदीत दुबईत अडकलेल्या प्रवाशांना घेऊन ते पावसात उतरत होते. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा काच पुसणारा वायपर बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात मागून वारा असताना विमान ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले व पुढे टेकडीखाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. तपास अहवालाने ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण दिले. परंतु त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, जिच्याकडे वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. कंपनीने कोळिकोड येथे पुरेसे कप्तान ठेवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कप्तानांना करायचे होते आणि दुसरीकडे उतरल्यास ते उड्डाण अडचणीत आले असते. अर्थात दोष एका माणसाच्या निर्णयाचा म्हणून नोंदला गेला, तरी त्या निर्णयामागे कोणा कार्यालयातल्या मनुष्यबळाच्या कोष्टकाची छाया होती. काटकसर विमानाच्या खोलीत शिरते ती अशी, वेतनपत्रकाच्या वाटेने.

निर्धोक बचत आणि घातक बचत :

येथपर्यंतच्या विवेचनावरून एक भेद स्पष्ट होतो. सोयीतून केलेली बचत प्रवाशाला दिसते, टोचते, पण ती निर्धोक असते. राखीव क्षमतेतून केलेली बचत त्याला कधीच दिसत नाही. राखीव वैमानिक, राखीव विश्रांती, राखीव सुटे भाग, राखीव वेळ यांवरचा खर्च हिशेबाच्या वहीत निव्वळ वाया गेल्यासारखा दिसतो, कारण ज्या दिवशी काहीच बिघडत नाही त्या दिवशी त्याचा काही उपयोग नसतो.

देखभालीच्या बाबतीत हे कसे घडते, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक विमानासाठी किमान आवश्यक उपकरणांची एक मान्यताप्राप्त यादी असते. काही उपकरणे बंद असली तरी पर्यायी व्यवस्था असल्यामुळे विमान ठराविक मुदतीपर्यंत कायदेशीररीत्या उडू शकते. ही मुदत उपकरणाच्या महत्त्वानुसार तीन दिवस, दहा दिवस, कधी १२० दिवसांपर्यंत असते. ही सवलत शास्त्रीय आहे आणि जगभर वापरली जाते. परंतु पुरवठादाराचे पैसे थकले, तो भाग पाठवीना, तर सवलतीचा अपवाद नित्याचा होतो. एक दोष सोसता येतो. चार सोसलेले दोष एकाच वादळी रात्री एकत्र आले तर काय, याचा हिशेब यादी करत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, स्पाइसजेटला कारणे दाखवा नोटीस बजावली. अठरा दिवसांत तांत्रिक बिघाडाच्या आठ घटना घडल्याची त्यास पार्श्वभूमी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये केलेल्या आर्थिक पडताळणीत कंपनी रोख पैसे मोजून वस्तू घेण्याच्या अवस्थेत असल्याचे, पुरवठादारांची देणी नियमित दिली जात नसल्याचे व त्यामुळे सुट्या भागांचा तुटवडा होऊन वरील यादीचा वारंवार आधार घेतला जात असल्याचे आढळले होते, असे नोटिशीत म्हटले होते. २७ जुलै रोजी कंपनीची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी मंजूर संख्येच्या निम्म्यावर आणण्यात आली. नियामकाने कारवाई केली ही समाधानाची बाब होय. मात्र पडताळणी आणि नोटीस यांत दहा महिन्यांचे अंतर आहे, आणि त्या दहा महिन्यांत विमाने उडतच होती.

कामे बाहेर देण्याची प्रथाही याच सदरात मोडते. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेतील व्हॅल्यूजेट या अल्पदर कंपनीचे विमान फ्लोरिडातील दलदलीत कोसळून ११० जण ठार झाले. देखभालीचे काम घेतलेल्या ठेकेदाराने वापरातून काढलेली, पण पेट घेऊ शकणारी प्राणवायू निर्मितीची साधने योग्य झाकणे न लावता मालकक्षात पाठवली होती. तपास यंत्रणेने ठेकेदाराबरोबरच, त्याच्यावर देखरेख न ठेवणारी कंपनी आणि कंपनीवर देखरेख न ठेवणारा नियामक, अशा तिघांनाही जबाबदार धरले. काम बाहेर देता येते, पण जबाबदारी देता येत नाही, हा धडा त्या अहवालापासून विमान वाहतुकीच्या अभ्यासक्रमात आला.

नियामक संस्थेची कुवत :

डिसेंबर २०२५ मधील इंडिगोचा पेच सुरक्षिततेच्या अंगाने फारसा चर्चिला गेला नाही. वैमानिकांच्या थकव्यासंबंधीचे सुधारित नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रपाळीतील उतरण्यांची मर्यादा सहावरून दोन, हे त्यातील मुख्य बदल होते. ते लगेच लागू झाले नाहीत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. तयारीस एवढा अवधी मिळूनही देशातील सर्वात मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबर रोजी तिची एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर गर्दी उसळली आणि सरकारने रात्रपाळीचे काही नियम त्या कंपनीपुरते तात्पुरते शिथिल केले. नंतर तिची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्यात आली हे खरे. पण मंगळूरच्या दरीतून जो धडा पंधरा वर्षांनी नियमात उतरला होता, तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. ज्या कंपनीच्या हाती देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे, तिला थांबवणे नियामकाला परवडत नाही. मक्तेदारी हा सामान्यतः ग्राहकाच्या खिशाचा प्रश्न समजला जातो. या प्रसंगाने तो सुरक्षिततेचाही प्रश्न असल्याचे दाखवून दिले.

डीजीसीएची कुवत यापूर्वीही कसोटीस लागली आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका सादर करून वैमानिक परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली. परीक्षा विभागाचे काम सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना त्यातील गांभीर्य वेगळे सांगावयास नको. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची सुरक्षा श्रेणी पहिलीवरून दुसरीवर उतरवली. त्यामागे विमानांचा दोष नव्हता, तपासनीस अधिकाऱ्यांची अपुरी संख्या व प्रशिक्षण हे कारण होते. एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी पूर्ववत झाली. मात्र २०२५ मध्ये संसदीय स्थायी समितीने डीजीसीएतील मंजूर पदांपैकी निम्म्याच्या जवळपास पदे रिक्त असल्याचे नमूद केले. ज्या काळात विमानांच्या मागण्या शेकड्यांनी नोंदवल्या जात आहेत, त्या काळातील ही स्थिती आहे.

सोलापूरच्या संदर्भात :

सोलापूरने विमान सुरक्षिततेचा एक पाठ अत्यंत कटू मार्गाने गिरवला आहे. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानाच्या मार्गात येत होती. उडान योजनेत शहराचे नाव असूनही सेवा सुरू होऊ शकली नाही. एका बाजूला ऊस उत्पादक सभासद, दुसऱ्या बाजूला उद्योजक व विकासाचा आग्रह धरणारे नागरिक, अशी शहराची दुफळी झाली. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. त्या वादात चिमणी हा विकासातील अडथळा म्हणूनच बहुधा मांडला गेला. वस्तुतः धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोकळा ठेवावयाचा उतार विमानाचे एक इंजिन बंद पडले तरी ते सुखरूप वर चढावे या हिशेबाने ठरवलेला असतो, म्हणजे तोही राखीव क्षमतेचाच एक प्रकार होय. १९९३ मध्ये औरंगाबादला एका ट्रकने तो उतार अडवला होता. होटगी रस्त्याच्या आसपास वाढणारी बांधकामे, उघड्यावर टाकलेला कचरा व त्यावर येणारे पक्षी, संक्रांतीच्या दिवसांतील पतंग यांचा विचार महापालिकेने त्याच नजरेने करावयास हवा.

सोलापुरातून उडणाऱ्या फ्लाय ९१ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई सेवा सुरू करणारी स्टार एअर या कंपन्या काटेकोर अर्थाने अल्पदर नव्हेत. त्या प्रादेशिक कंपन्या आहेत. फ्लाय ९१ ची एटीआर ७२ ही पंख्याच्या इंजिनांची सुमारे सत्तर आसनी विमाने छोट्या धावपट्टीसाठीच बनवलेली असतात, त्यांच्या लहान आकाराला वा आवाजाला भिण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो ताफ्याच्या संख्येचा. शंभर विमाने असलेल्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले तर वेळापत्रकाला ओरखडा येतो. चार-सहा विमाने असलेल्या कंपनीचे गेले तर एखाद्या शहराची सेवाच थांबते. अशा वेळी विमान लवकर बाहेर काढण्याचा दबाव अभियंत्यावर किती येतो आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा किती असते, यावर सर्व काही अवलंबून राहते. त्यामुळे लहान कंपनीने उड्डाण रद्द केल्यास प्रवाशाने संतापण्यापूर्वी थोडे थांबणे हिताचे आहे. रद्द केलेल्या फेरीत अनेकदा कोणीतरी नियम पाळलेला असतो.

मुंबई मार्गासाठी राज्य शासनाने व्यवहार्यता तूट निधी मंजूर केला आहे. रिकाम्या आसनांमुळे होणारा तोटा शासन भरून देते, म्हणून तिकीट आवाक्यात राहते. ही व्यवस्था योग्य असली तरी तीत एक नाजूक दुवा आहे. अनुदानाची रक्कम वेळेवर पोहोचली नाही, तर छोट्या कंपनीकडे तोटा सोसण्याची ताकद नसते आणि टंचाई प्रथम जाणवते ती सुट्या भागांच्या देयकांत व वैमानिकांच्या वेतनात, म्हणजे नेमकी प्रवाशाला न दिसणाऱ्या खात्यांत. अनुदानाच्या करारांत फेऱ्यांची संख्या आणि वेळेचे पालन यांविषयी अटी असतात. कंपनीने पुरवठादारांची थकबाकी, प्रत्येक विमानावरील सोसलेल्या दोषांची संख्या आणि राखीव वैमानिकांचे प्रमाण दर तिमाहीस जाहीर करावे, अशी अट त्यात जोडण्यास शासनाला कोणताही कायदा करावा लागणार नाही. पैसा सार्वजनिक असल्यामुळे ती माहिती मागण्याचा अधिकारही सार्वजनिक आहे, आणि सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी व व्यापारी संघटनांनी वाढीव फेऱ्यांच्या मागणीबरोबरच ही मागणी निवेदनात समाविष्ट करणे शक्य आहे.